काय काय कापलं? छोट्या, स्वस्त कॉम्प्युटरची गोष्ट

हा भाग तुम्ही ऐकताय की वाचताय ते मला माहीत नाही, पण फोनवरच असणार हे नक्की. तर आज त्या फोनच्या आजोबांबद्दल बोलू. आजोबा म्हणजे खोलीभर पसरलेला, एसीत ठेवलेला अवाढव्य सरकारी कॉम्प्युटर नव्हे. या घराण्याचे खरे आजोबा गरीब होते. टीव्हीला जोडून चालणारे, टेपरेकॉर्डरवर प्रोग्रॅम साठवणारे, पै-पै वाचवून बांधलेले छोटे डबे.

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे मेमरी कमी पडली की क्लाउडवर मोठं मशीन मागायचं, बिल कंपनी भरते. त्यामुळे ज्यांना मोठं मशीन मागताच येत नव्हतं त्यांनी काय केलं, याचं मला भारी कुतूहल आहे. कारण स्वस्त कॉम्प्युटर म्हणजे महाग कॉम्प्युटर थोडा बारीक केला, असं होत नाही. कुठलातरी अख्खा भागच काढून टाकावा लागतो. मग तो भाग जे काम करत होता ते दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात पडतं. कधी प्रोसेसरच्या, कधी प्रोग्रॅमरच्या, आणि बऱ्याचदा तुमच्या-आमच्या. आजची गोष्ट या कापाकापीची.

१९८० साल, इंग्लंडमधलं केंब्रिज. क्लाइव्ह सिंक्लेअर हा कॅल्क्युलेटर विकून नाव कमावलेला माणूस. त्याने ठरवलं की शंभर पौंडांच्या आत कॉम्प्युटर विकायचा. तो झेडएक्स८०. तयार घेतला तर ९९.९५ पौंड, सुटे भाग घेऊन घरी स्वतः सोल्डर केला तर ७९.९५. त्यात मेमरी होती एक केबी. नीट ऐका, जीबी नाही, एमबी नाही, केबी. १,०२४ अक्षरं मावतील एवढी जागा. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाणीकपातीचा जो मेसेज येतो ना, तोही त्यात पूर्ण बसायचा नाही.

आता इथे कापलं काय? स्क्रीनवर चित्र काढणारी वेगळी चिपच काढून टाकली. मग टीव्हीवर अक्षरं कोण उमटवणार? प्रोसेसर स्वतः. जुन्या टीव्हीवर चित्र एकेक ओळ करत, सेकंदाला ५० वेळा काढावं लागतं. झेडएक्स८० चा प्रोसेसर हेच काम करत बसायचा. त्यामुळे तुम्ही एक बटण दाबलं की तो क्षणभर स्क्रीन सोडून तुमच्याकडे बघायचा आणि टीव्ही लुकलुकायचा. प्रोग्रॅम चालू केला की तो संपेपर्यंत, किंवा तुमच्याकडे काही विचारेपर्यंत, स्क्रीन कोरा. म्हणजे एकाच माणसाने गल्ला पण सांभाळायचा आणि चहा पण उकळायचा. गिऱ्हाईक आलं की चहा उतू जाणार.

शिवाय याच्या बेसिक भाषेत अपूर्णांक नव्हते. फक्त पूर्णांक. सात भागिले दोन केलं तर उत्तर तीन. का? तर भाषा साठवायला जागा होती फक्त चार केबी, आणि तेवढ्यात दशांश चिन्ह बसवायला जागा नव्हती.

पुढच्याच वर्षी, मार्च १९८१ मध्ये, झेडएक्स८१ आला. किंमत आणखी खाली, ६९.९५ पौंड. आणि गंमत म्हणजे हे मशीन आधीच्यापेक्षा चांगलं होतं. आधीच्या बोर्डवर वीसेक चिप होत्या, इथे फक्त चार. फेरांटी नावाच्या कंपनीकडून सिंक्लेअरने एक खास चिप करून घेतली आणि इकडचं-तिकडचं सगळं सर्किट त्या एकीत कोंबलं. यात ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ असे दोन मोड होते. फास्टमध्ये प्रोग्रॅम चालताना स्क्रीन गायब. स्लोमध्ये स्क्रीन दिसत राहायचा, पण प्रोसेसर टीव्हीचं चित्र काढण्यात गुंतलेला, म्हणून तुमचा प्रोग्रॅम फक्त चित्राच्या वरच्या आणि खालच्या रिकाम्या पट्ट्यांच्या वेळेत चालायचा. वेग साधारण एक-चतुर्थांश. बघा, किती प्रामाणिक व्यवहार आहे! तुमच्यासमोर सरळ दोन शब्द ठेवलेत: वेग पाहिजे की चित्र पाहिजे, तुम्ही सांगा.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली युक्ती मेमरीची. स्क्रीनवर ३२ अक्षरांच्या २४ ओळी. म्हणजे ७६८ अक्षरं. प्रत्येक ओळीच्या शेवटी ओळ संपल्याची खूण, आणि सुरुवातीला एक, अशा २५ खुणा. एकूण ७९३ बाइट. आता तुमच्याकडे आहेत १,०२४. त्यातले सव्वाशेच्या आसपास मशीन स्वतःच्या हिशेबासाठी ठेवून घेतं. पूर्ण स्क्रीन भरला तर तुमच्या प्रोग्रॅमला उरतात शंभरएक बाइट. मग यांनी काय केलं? रिकाम्या ओळीला जागाच द्यायची नाही, फक्त संपल्याची खूण ठेवायची. ओळीत पाच अक्षरं असतील तर पाचांची जागा. म्हणजे स्क्रीनवर जितकं जास्त लिहाल तितकी प्रोग्रॅमची जागा कमी. त्या काळची पोरं स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यातच सगळा खेळ मांडायची, त्याचं कारण हे.

आणि याच एक केबीत डेव्हिड हॉर्न नावाच्या माणसाने बुद्धिबळ बसवलं. ६७२ बाइट. कॉम्प्युटर तुमच्याविरुद्ध खेळतो! अर्थात कापाकापी तिथेही होतीच. किल्लेकोट नाही, प्यादं शेवटच्या घरात पोचलं तर त्याचा वजीर होत नाही. पण राजाला शह, मात, सगळं आहे. आज कुठल्याही वेबसाइटवरचं छोटंसं आयकॉन याच्यापेक्षा मोठं असतं.

आता दुसरी बाजू. झेडएक्स८१ ला खरा कीबोर्ड नव्हता. प्लॅस्टिकचा सपाट कागद, त्यावर छापलेली बटणं, मायक्रोवेव्हवर असतात तशी. टाइप करताना बोटाला काही कळायचंच नाही. मेमरी वाढवायला मागे १६ केबीचा एक ठोकळा लावता यायचा. पण तो नुसता कडेच्या खाचेत अडकवलेला. टेबलाला धक्का लागला, ठोकळा हलला, की दोन तास टाइप केलेला प्रोग्रॅम गायब. लोक तो चिकटपट्टीने, डकवायच्या मातीने पक्का करायचे. स्वस्ताईची किंमत अशी वसूल होते बघा. चाळीस वर्षांनंतरही लोकांना तो हलणारा ठोकळाच आठवतो. तरी साधारण १५ लाख झेडएक्स८१ विकले गेले. शंभर पौंडांच्या आत घरी स्वतःचा कॉम्प्युटर येतोय म्हटल्यावर लोक धक्का न लावता टेबलाशी बसायला तयार होते.

एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आला. रंग, आवाज, रबरी बटणं. १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ ला. यात एक भन्नाट गोष्ट आहे. ४८ केबीतला वरचा ३२ केबीचा भाग कसा बनवला होता माहितीये? नापास झालेल्या चिप वापरून. दुप्पट क्षमतेच्या मेमरी चिप बनवताना काहींचा अर्धा भाग बिघडलेला निघतो. कारखान्याच्या दृष्टीने तो माल खराब. सिंक्लेअरने म्हटलं, अर्धा तर चांगला आहे ना? तो द्या स्वस्तात. ज्यांचा एकाच बाजूचा अर्धा भाग चालतोय अशा आठ चिप एका बोर्डवर, आणि कुठला अर्धा वापरायचा ते ठरवायला बोर्डवर एक वायरचा तुकडा. भाजी मंडईत एका बाजूने डागाळलेले टोमॅटो निम्म्या भावात घेऊन चटणी करावी, तसा प्रकार. चटणीला चव तीच.

रंगांचं गणितही तसंच. स्क्रीन २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला १६ पैकी एक रंग द्यायचा तर २४ केबी लागतात, म्हणजे निम्मी मेमरी गेली. त्यांनी आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले आणि एका चौकोनात फक्त दोन रंग असा नियम केला. सगळा हिशेब ६,९१२ बाइटमध्ये आटोपला. पण मग खेळात लाल झग्यातला माणूस हिरव्या झाडासमोरून गेला की झाड लाल व्हायचं, नाहीतर माणूस हिरवा. यावर खेळ लिहिणाऱ्यांनी तोडगा काढला तो असा, की रंगाचा नाद सोडा. १९८४ चा ‘नाइट लोअर’ बघा, मुख्य चित्र एकाच रंगात, पण त्रिमितीचा भास असा की पोरं वेडी झाली. अडचणीतून शैली तयार झाली, असं माझं मत. काही जण म्हणतात हे उगाच उदात्तीकरण आहे, ती नुसती अडचण होती. असेलही. पण त्या खेळाचा स्क्रीनशॉट बघितला की दुरून ओळखू येतो, हे काही कमी नाही.

स्पेक्ट्रम साधा असल्याचा आणखी एक परिणाम झाला. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपात लोकांनी ती खास चिप न मिळताच, बाजारातल्या साध्या चिप जोडून त्याच्या नकला केल्या. गुंतागुंतीचं मशीन असतं तर ते जमलं नसतं. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने रीतसर परवाना घेऊन १९८६ मध्ये ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकायला काढला.

आता याच केंब्रिजमधला दुसरा वाडा. ख्रिस करी हा सिंक्लेअरचाच माणूस. तो बाहेर पडला आणि हर्मन हाउझरबरोबर त्याने एकॉर्न कंपनी काढली. बीबीसीला तेव्हा टीव्हीवरून लोकांना कॉम्प्युटर शिकवायचा होता आणि त्यासाठी स्वतःच्या नावाचं एक मशीन पाहिजे होतं. सिंक्लेअरलाही ते काम हवं होतं. मिळालं एकॉर्नला. डिसेंबर १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो आला, मॉडेल बीची किंमत ३३५ पौंड. म्हणजे झेडएक्स८१ च्या जवळजवळ पाचपट. पण त्यात खरा कीबोर्ड, ३२ केबी मेमरी, बाहेरची उपकरणं जोडायला भरपूर खाचा, शाळेतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची सोय. एकॉर्नने कमी कापलं, म्हणून घरात कमी पोचला आणि शाळेत जास्त. १९८४ मध्ये आपल्या सरकारने शाळांत कॉम्प्युटर शिकवायचा ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुरुवातीच्या अडीचशे शाळांत हेच बीबीसी मायक्रो आले. तुमच्या आई-बाबांच्या किंवा काका-मावशीच्या पिढीतल्या कोणी शाळेत चपला बाहेर काढून त्या खोलीत प्रवेश केला असेल, तर विचारून बघा.

पण एकॉर्नची खरी गोष्ट यापुढे आहे. बीबीसी मायक्रोनंतर पुढचं मशीन बनवायचं तर प्रोसेसर कुठला घ्यायचा? बाजारातले त्यांना पसंत पडेनात. मग १९८३ मध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःचाच प्रोसेसर बनवायला घेतला. दोघांचीही प्रोसेसर बनवायची पहिलीच वेळ. हाउझर नंतर गमतीने सांगायचा की मी त्यांना दोन अशा गोष्टी दिल्या ज्या मोठ्या कंपन्यांनी त्यांच्या लोकांना कधीच दिल्या नाहीत: एक म्हणजे पैसे नाहीत, दुसरं म्हणजे माणसं नाहीत. फर्बरने चिपचं सगळं वागणं आधी बेसिकमध्ये लिहून तपासलं, ८०८ ओळींत, बीबीसी मायक्रोवरच.

माणसं कमी म्हणून डिझाइन साधं ठेवावं लागलं. एकूण ट्रान्झिस्टर २५ हजार. आणि आता नीट लक्ष द्या, कारण तुमचा फोन इथून सुरू होतो. चिप ज्या वेष्टनात बसवतात ते दोन प्रकारचं मिळायचं, महाग सिरॅमिकचं आणि स्वस्त प्लॅस्टिकचं. प्लॅस्टिक उष्णता सहन करत नाही, त्यामुळे चिपने एक वॅटपेक्षा कमी वीज खाल्ली पाहिजे. त्यांना प्लॅस्टिक हवं होतं, कारण पैसे वाचतात. बॅटरीचा, मोबाइलचा कुणाच्या डोक्यात विचारही नव्हता. वीज किती लागेल याचा नेमका अंदाज देणारी साधनं त्यांच्याकडे नव्हती, म्हणून सगळीकडे हात आखडता ठेवला.

२६ एप्रिल १९८५ ला पहिल्या चिप हातात आल्या. बोर्डवर लावल्या, चालल्या. फर्बरने वीज मोजायला मीटर लावला. मीटर म्हणतो शून्य. शोधाशोध केली तर कळलं की बोर्डवर चिपला वीजपुरवठ्याची तारच जोडली गेली नव्हती. मग ती चालत कशावर होती? आजूबाजूच्या चिपकडून येणाऱ्या सिग्नलमधून जी थोडीफार वीज झिरपत होती तिच्यावर! नीट वीज दिल्यावरही ती साधारण एक-दशांश वॅट घ्यायची. लक्ष्य होतं एक वॅट, दहापट फरकाने पार.

त्या चिपचं नाव एआरएम, आर्म. १९९० मध्ये एकॉर्न, अॅपल आणि चिप बनवणारी व्हीएलएसआय या तिघांनी मिळून तिची वेगळी कंपनी काढली, कारण अॅपलला हातात धरायच्या यंत्रासाठी कमी वीज खाणारा प्रोसेसर हवा होता. डेस्कटॉपच्या बाजारात एकॉर्न हरली. तिची मशीन आता संग्रहालयात आहेत. पण प्लॅस्टिकच्या वेष्टनाचे पैसे वाचवायला केलेली काटकसर आज तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड असो की आयफोन, आत आर्मच्याच घराण्यातला प्रोसेसर.

मधली वीस वर्षं मी जरा पटकन घेतो, कारण डेस्कटॉपच्या जगाने तोवर उलटा रस्ता धरला होता. दरवर्षी जास्त वेग, जास्त वीज, मोठा पंखा. २००४ च्या सुमाराचा पेंटियम फोर तर एकटा शंभर वॅटच्या पुढे जायचा. छोट्यांचा संसार कडेकडेने चालू होता. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये १७ सेंटिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला, मंद पण गार. २००५ च्या जानेवारीत अॅपलने ४९९ डॉलरचा मॅक मिनी आणला. त्यात कापलं काय? स्क्रीन, कीबोर्ड, माउस. ते तुमचं तुम्ही आणा. हुशार काप होता तो, कारण ज्याच्याकडे जुना कॉम्प्युटर आहे त्याच्याकडे हे तिन्ही असतंच. पण ज्याच्या घरात पहिलाच कॉम्प्युटर येतोय, त्याच्यासाठी ४९९ हा आकडा खरा नव्हता.

आपल्याकडे त्याच काळात दोन प्रयोग झाले, आणि त्या दोघांतला फरक मला फार बोलका वाटतो. एक एएमडीचा, ‘पर्सनल इंटरनेट कम्युनिकेटर’. २००४ मध्ये आला, भारतात टाटांच्या इंटरनेट जोडणीबरोबर विकायचा होता. ३६६ मेगाहर्ट्झचा कमी वीज खाणारा प्रोसेसर, १२८ एमबी मेमरी, १० जीबीची डिस्क. पंखा नाही. हार्डवेअर बरंच बरं होतं त्या किमतीला. पण डबा सीलबंद. उघडायचा नाही, आपल्या मनाने नवीन प्रोग्रॅम टाकायचा नाही. जे दिलंय तेच वापरा. हेतू चांगला होता, व्हायरस येऊ नये, बिघडू नये. २००६ मध्ये गाशा गुंडाळला.

दुसरा प्रयोग एचसीएलचा, २००५ मध्ये, ९,९९० रुपयांचा पीसी. व्हीआयएचा मंद प्रोसेसर, लिनक्स. हळू होता. पण होता साधा, पूर्ण पीसी. गल्लीतला कॉम्प्युटरवाला उघडून त्यात रॅम टाकू शकायचा. माझ्या मते इथे खरी मेख आहे. वेग कापला तर वापरणारा वाट बघतो. रंग कापले तर काळं-पांढरं चालवून घेतो. पण त्याला आत हातच घालू दिला नाही, तर ती वस्तू कधी त्याची होत नाही. एएमडीने कमी उत्पन्नाच्या माणसाला गिऱ्हाईक मानलं, पण त्याच्या घरातलं पोरगं उद्या प्रोग्रॅमर होईल असं मानलं नाही. सिंक्लेअर कितीही कंजूस असो, त्याचं मशीन चालू केलं की समोर पहिली गोष्ट येई ती प्रोग्रॅम लिहायची जागा.

आणि वीज. महाराष्ट्रात ज्यांनी ते भारनियमनाचे दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. गावाकडे दिवसाचे कितीतरी तास लाइट नसायची. दोनशे वॅटचा पीसी आणि काचेचा जाडजूड मॉनिटर घरच्या इन्व्हर्टरवर किती टिकणार? तिथे कमी वीज म्हणजे पर्यावरण वगैरे नंतर, आधी कॉम्प्युटर चालू होणार की नाही हा प्रश्न.

२००८ मध्ये इंटेललाही जाग आली आणि अॅटम आला. डेस्कटॉपसाठीचा अॅटम २३० फक्त चार वॅटचा. काय कौतुक झालं! पण इंटेलचा तो छोटा बोर्ड नीट बघितला तर हसू येतं. प्रोसेसरवर पंखाच नाही, नुसता धातूचा तुकडा. पंखा आहे शेजारच्या चिपसेटवर. कारण पैसे वाचवायला जुनाच चिपसेट लावलेला, तो एकटा वीस वॅटच्या वर खायचा. नवरदेव साधा आणि वऱ्हाडीच खादाड, अशी अवस्था.

मग पुन्हा केंब्रिज. तिथल्या विद्यापीठात एबेन अप्टन आणि इतर काही जणांच्या लक्षात आलं की कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करणारी मुलं कमी होत चाललीत, आणि जी येतात त्यांनी घरी प्रोग्रॅमिंग केलेलंच नसतं. आधीच्या पिढीकडे स्पेक्ट्रम आणि बीबीसी मायक्रो होते. अप्टन स्वतः बीबीसी मायक्रोवर शिकलेला. नव्या पिढीकडे घरचा महागडा पीसी, ज्याला हात लावला तर आई-बाबा ओरडणार. २००९ मध्ये त्यांनी रास्पबेरी पाय फाउंडेशन स्थापन केलं. २९ फेब्रुवारी २०१२ ला ३५ डॉलरचा पहिला पाय विक्रीला आला आणि विकणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या वेबसाइट कोसळल्या.

३५ डॉलरला बसवण्यासाठी काय काय कापलं, ते ऐका. डबा नाही, उघडा बोर्ड. चालू-बंद करायचं बटण नाही. घड्याळाची बॅटरी नाही, म्हणजे इंटरनेट नसेल तर वीज गेल्यावर त्याला आज कुठली तारीख हेच कळत नाही. डिस्क नाही, कॅमेऱ्यात घालतो ते एसडी कार्ड. लाइट अचानक गेली आणि नेमकं तेव्हा कार्डावर काही लिहिणं चालू असेल तर कार्ड खराब होऊ शकतं, आणि आपल्याकडे लाइट सांगून जात नाही. नेटवर्कची खाच होती, पण ती आतून यूएसबीलाच जोडलेली, त्यामुळे सगळी वाहतूक एकाच बोळातून. डीव्हीडीच्या प्रकारचा व्हिडिओ चालवायचा परवाना किमतीत धरलेला नव्हता. तो हवा असेल त्याने २.४० पौंड वेगळे भरायचे. मला हा काप फार आवडतो. ज्याला हवं त्याने भरा, बाकीच्यांवर बोजा नको.

मुळात त्याचा प्रोसेसर आर्मचा, पण जुन्या पिढीतला, ७०० मेगाहर्ट्झ. ती चिप व्हिडिओच्या कामासाठी बनलेली, आर्म तिच्या कोपऱ्यात पाहुणा म्हणून. चालू होतानाही आधी चित्राचा भाग जागा होतो आणि मग तो आर्मला उठवतो. आणि प्रोसेसर जुना असल्यामुळे डेबियन लिनक्सची नवी वेगवान आवृत्ती त्यावर चालेना. तेव्हा माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन या दोघांनी हजारो सॉफ्टवेअर पाकिटं या चिपसाठी नव्याने तयार केली. तेच रास्पबियन. म्हणजे बोर्डवर वाचवलेल्या काही डॉलरची भरपाई दोन माणसांनी रात्री जागून केली. स्वस्त हार्डवेअरचा हिशेब मांडताना हा आकडा कुठेच लिहिलेला नसतो.

एक किस्सा सांगायलाच हवा. २०१५ च्या फेब्रुवारीत पाय २ आला. लोक कौतुकाने त्याचे फोटो काढायला लागले आणि फ्लॅश उडाला की पाय बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा! बोर्डवरची वीज सांभाळणारी एक इवलीशी चिप वेष्टनाशिवाय, जवळजवळ उघडी बसवलेली होती. झेनॉन फ्लॅशच्या झगझगीत उजेडाने ती गडबडायची. उपाय? तिच्यावर डकवायच्या मातीचा ठिपका लावा. ३४ वर्षांपूर्वी झेडएक्स८१ च्या मागचा ठोकळा जिने धरला होता, तीच माती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाच डॉलरचा पाय झीरो आला आणि एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून फुकट वाटला गेला. पुढे गोष्ट हळूहळू बदलली. २०१९ चा पाय ४ खऱ्या अर्थाने डेस्कटॉप म्हणून वापरण्यासारखा, पण गरम होणारा. २०२३ च्या पाय ५ मध्ये बटण आलं, घड्याळ आलं, पण चार जीबीचा ६० डॉलरला, आणि पूर्ण ताकदीने चालवायला २७ वॅटचा खास अडॅप्टर. जे-जे आधी कापलं होतं ते एकेक करून परत आलं, आणि किंमतही बरोबर आली.

२०२१ ते २०२३ मध्ये जगभर चिपचा तुटवडा होता तेव्हा पाय मिळेनासा झाला. दुप्पट-तिप्पट भावाने विकणारे उगवले. असलेला माल द्यायचा कुणाला? कारखान्यांची यंत्रं ज्यांच्या आत पाय बसवलेला असतो अशा व्यावसायिक गिऱ्हाइकांना कंपनीने प्राधान्य दिलं. त्यांचं म्हणणं असं की पाय मिळाला नाही तर त्या कंपन्यांतल्या लोकांच्या नोकऱ्या जातील, छंदवाला थांबू शकतो. व्यवहार म्हणून मला ते पटतं. पण ज्या शाळकरी मुलासाठी हे सगळं सुरू झालं होतं ते रांगेत मागे गेलं, हेही तितकंच खरं. जून २०२४ मध्ये रास्पबेरी पाय कंपनी लंडनच्या शेअर बाजारात नोंदली गेली.

आता तुमच्यातले काही जण विचारणारच, की ठीक आहे रे दादा, पण आज घ्यायचा तर काय घेऊ? पायच्या किमतीत अडॅप्टर, कार्ड, डबा, पंखा हे धरा, मग तो स्वस्त उरत नाही. इंटेलचा एन१०० हा सहा वॅट मर्यादेचा प्रोसेसर असलेले छोटे चौकोनी पीसी मिळतात, नेहमीच्या वापराला पायपेक्षा सोपे. आणि ऑफिसांतून निवृत्त झालेले पुस्तकाएवढे मिनी पीसी लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या शहरातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात बघा. फक्त विजेचा हिशेब करा. समजा एखादा जुना मोठा डबा नुसता चालू राहून ६० वॅट घेतो. २४ तास, महिनाभर, म्हणजे ४३ युनिट. चार वॅटवाला तेवढ्याच वेळात तीन युनिटही घेत नाही. दिवसरात्र चालू ठेवायचा असेल तर हा फरक वर्षभरात मशीनची किंमत खाऊन टाकतो. संध्याकाळी दोन तास अभ्यासाला लावायचा असेल तर जुना मोठा डबाच घ्या, विजेचा विचार करू नका. सेन्सर, मोटार, दिवे जोडून काही खटपट करायची असेल तर मात्र पायच, कारण त्याच्या कडेला त्या ४० पिना आहेत आणि त्यांना हात लावायला कोणी नको म्हणत नाही.

आणि हो, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी पाय ४०० काढला, ७० डॉलरला. कीबोर्डच्याच आत अख्खा कॉम्प्युटर. मागे वायर लावायची, टीव्हीला जोडायची, चालू. सिंक्लेअरचं मशीन असंच तर होतं. फरक इतकाच की या वेळी बटणं खरी आहेत, आणि मागे हलणारा ठोकळा नाही.

चला, भेटू पुढच्या भागात.